वीसच्या जुन्या नोटेवरचा समुद्र

वीस रुपयाची ती जुनी लालसर नोट आठवते का? आपल्या फाट्यावर चहाच्या टपरीपासून सेलूच्या बसमधल्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या हातातून ती वर्षानुवर्षं फिरली. पाठीमागं नारळाची झाडं, समुद्र, मागं डोंगर. दहा जणांना विचारलं तर नऊ जण सांगतील, केरळ असेल नाहीतर गोवा. ते चित्र अंदमानचं आहे. पोर्ट ब्लेअरजवळचा माउंट हॅरिएट आणि तिथला दीपस्तंभ. 2019 ला नवी हिरवट-पिवळी नोट आली आणि समुद्र गेला. त्याच्या जागी आपलं वेरूळ आलं. म्हणजे वीसच्या नोटेनं अंदमानहून थेट मराठवाड्यात मुक्काम हलवला!

हे आज सुचायचं कारण सांगतो. उन्हाळा आला की फाट्यावर, सेलूत, जिंतुरात, मंठ्यात ट्रॅव्हल्सच्या दुकानांबाहेर फ्लेक्स लागतात. पूर्वी त्यावर अष्टविनायक, काशी, बालाजी असायचं. आता अंदमान, मालदीव, बाली असतं. फोनवर तर विचारूच नका. समुद्रावर लाकडी खांबांवर उभी खोली, काचेच्या फरशीखालून पोहणारे मासे, पाण्याखाली जेवणाचं टेबल, खोलीला लागून स्वतःचा पोहण्याचा तलाव. जानेवारी 2024 मध्ये लक्षद्वीप की मालदीव हा वाद पेटला तेव्हा आपल्याकडच्या ज्या पोरांनी अजून अलिबागचा समुद्र बघितला नाही, तीसुद्धा तावातावानं भांडत होती.

फिरायला जाण्याला माझा विरोध नाही. उलट माणसानं जावंच. पण बेटावरच्या या थाटाला एक इतिहास आहे आणि त्याचा मोठा तुकडा आपल्याच देशातला, आपल्याच माणसांच्या घामाचा आहे. तो ठाऊक नसेल तर आपण पैसे देऊन अर्धीच गोष्ट बघून येतो. म्हणून हा लांबलचक लेख. सवडीनं वाचा.

नडीतून निघालेली चैन

पाण्यावरच्या खोलीपासून सुरुवात करू. आज ही जगातली सगळ्यात महागड्या खोल्यांपैकी एक. तिचा उगम बघितला तर गंमत वाटते. पॅसिफिक महासागरात फ्रेंच पॉलिनेशियात रायातेया नावाचं बेट आहे. तिथं तीन अमेरिकन मित्रांनी हॉटेल काढलं. अडचण अशी की हॉटेलला वाळूचा किनाराच नव्हता. किनारा नसलेल्या बेटावर पाहुणा कशाला येईल? मग 1967 मध्ये त्यांनी तिथल्या पारंपरिक झोपड्यांसारख्या खोल्या खांबांवर थेट पाण्यातच उभ्या केल्या. नड होती, तिचीच चैन झाली. आपल्याकडं म्हण आहे ना, नाचता येईना अंगण वाकडं. इथं अंगणच वाकडं होतं, पण गडी नाचून गेला.

मालदीवचंही तसंच. 1960 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं की या बेटांवर पर्यटन जमायचं नाही. सोयीच नाहीत. तरी 1972 मध्ये कुरुंबा नावाच्या बेटावर पहिलं रिसॉर्ट निघालं. तीसेक खोल्या, प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, वर नारळाच्या झावळ्या. त्या वर्षी देशात हजाराच्या आसपास पर्यटक आले. 2024 मध्ये वीस लाखांहून जास्त आले. 2005 मध्ये रंगाली बेटावर ‘इथा’ नावाचं उपाहारगृह समुद्राच्या पृष्ठभागाखाली साधारण पाच मीटरवर सुरू झालं. पारदर्शक छताखाली चौदा जण बसतात आणि डोक्यावरून मासे जातात. 2018 मध्ये त्याच ठिकाणी पाण्याखाली झोपायची खोलीही झाली.

पण मालदीवच्या या व्यवस्थेत एक गोष्ट फार लोक बोलत नाहीत. तिथलं सूत्र होतं, एक बेट एक रिसॉर्ट, आणि तेही वस्ती नसलेल्या बेटावर. पाहुणे एका बेटावर, गावकरी दुसऱ्या बेटावर. गावकऱ्यांच्या बेटांवर पाहुणे ठेवायची मोकळीक मिळायला 2009 उजाडावं लागलं. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं जगभरचे लोक मालदीवला जाऊन आले आणि त्यातल्या बहुतेकांनी मालदीवचं गाव, तिथली शाळा, तिथलं घर बघितलंच नाही. खोली झाडणारा, ताट लावणारा माणूस दिसायचा, पण त्याचं घर दिसायचं नाही.

एका बेटावर थाट, आणि थाट राबवणारे दुसरीकडं. ही मांडणी मालदीवनं शोधली नाही. ती शंभर वर्षं आधी आपल्या अंदमानात होती.

‘पूर्वेचं पॅरिस’

पोर्ट ब्लेअरला (2024 पासून सरकारी नाव श्री विजयपुरम) गेलात की समोर एक चिमुकलं बेट दिसतं. जुनं नाव रॉस. डॅनियल रॉस नावाच्या ब्रिटिश सागरी सर्वेक्षकाचं. 2018 च्या डिसेंबरात त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बागायतदाराची शेती त्याहून थोडीच लहान निघेल.

10 मार्च 1858 ला डॉ. जे. पी. वॉकर नावाचा अधिकारी दोनशे कैदी घेऊन अंदमानात उतरला. सत्तावनच्या उठावात पकडलेली ही माणसं. आधी चॅथम बेट निवडलं होतं, पण तिथं गोड्या पाण्याची बोंब. म्हणून मुक्काम रॉसवर हलला. जंगल तोडलं कैद्यांनी, वाट काढली कैद्यांनी, झोपड्या घातल्या कैद्यांनी. तापानं माणसं मरत होती. काही पळाली. पळून पकडल्या गेलेल्यांपैकी ऐंशीहून जास्त जणांना वॉकरनं पहिल्या काही महिन्यांतच फासावर चढवलं.

त्या जागेवर पुढच्या पाऊणशे वर्षांत काय काय उभं राहिलं, बघा. चीफ कमिशनरचा मोठा बंगला. नाचगाण्याचा हॉल. साहेबांचा क्लब. टेनिस कोर्ट. पोहण्याचा तलाव. चर्च, त्याला रंगीत काचा. बेकरी. छापखाना. दवाखाना. बाजार. वीजघर. आणि समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी काढायचं यंत्र. शिकारीला म्हणून हरणंसुद्धा आणून सोडली. त्यांचे वंशज आजही तिथं पर्यटकांच्या हातून खाणं घेत हिंडतात. साहेब लोक त्या बेटाला ‘पूर्वेचं पॅरिस’ म्हणायचे.

आजच्या रिसॉर्टच्या जाहिरातीशी ही यादी ताडून बघा. पोहण्याचा तलाव आहे, क्लब आहे, ताजा पाव आहे, खेळ आहे, समुद्रातून काढलेलं गोडं पाणी आहे. फरक एवढाच की चाकरीला पगारी माणसं नव्हती. होड्या वल्हवायला कैदी, बागेला कैदी, घरकामाला कैदी.

यात आपलाही माणूस आहे. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. 17 जुलै 1857 ला हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला झाला. पुढारी दोघं, तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन. तुर्रेबाज खान मारला गेला. मौलवी अलाउद्दीनला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि तो तिकडंच वारला. आपल्या शाळेच्या पुस्तकात मीरत, कानपूर, झाशी भरपूर होतं. आपल्याच संस्थानातला हा माणूस मात्र मला पत्रकारितेत आल्यावर भेटला, तोही दुसरंच काहीतरी शोधताना.

खाडीच्या अलीकडं, पलीकडं

रॉसच्या समोरच्या काठावर सेल्युलर जेल. 1896 ला बांधकाम सुरू, 1906 ला पूर्ण. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडं, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसायला नको. साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात फुटाची कोठडी.

4 जुलै 1911 ला विनायक दामोदर सावरकर तिथं पोचले. थोरले बंधू बाबाराव आधीपासून आत होते. एकाच तुरुंगात दोन भाऊ आणि कितीतरी काळ एकमेकांची गाठ नाही. कोलू म्हणजे आपल्याकडचा तेलाचा घाणा. बैलाच्या जागी माणूस जुंपलेला. दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, खोबरेल काढायचं. सावरकरांच्या राजकारणावर ज्याचं त्याचं मत असू द्या, त्यावर इथं वाद नको. घाण्याला जुंपलेल्या माणसाच्या खांद्याला मत नसतं, वळ असतात. आणि त्या घाण्यावर बंगालचे, पंजाबचे, महाराष्ट्राचे, नाव कुठंच न राहिलेले शेकडो लोक होते.

काही वर्षांपूर्वी मी आपल्या भागातल्या एका ग्रुपबरोबर तिकडं गेलो होतो. चाळीसेक माणसं. बहुतेक निवृत्त शिक्षक, काही शेतकरी जोडपी. जेलच्या गच्चीवर उभं राहिलं की समोर रॉस अगदी हाकेच्या अंतरावर वाटतं. होडीनं दहा-पंधरा मिनिटं. वारं तिकडून आलं तर बँडचा आवाज इकडं येत असेल का, हा विचार मनात आला आणि अंगावर काटा आला. या काठाला घाणा, त्या काठाला नाच. मधे एवढंसं पाणी.

जेल बघताना आमचा ग्रुप गप्प होता. बायका उंबऱ्याला हात लावून नमस्कार करत होत्या. रॉसवर मात्र सगळ्यांचा मूड पिकनिकचा. हरणं, मोर, फोटो. गाइडनं पाऊण तास दिला होता. मंठ्याकडचे एक शेतकरी बाबा एकटेच बेकरीच्या पडक्या भिंतीपाशी थांबले. भिंतीला वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी असा विळखा घातलाय की भिंत मुळ्यांवर उभी आहे की मुळ्या भिंतीवर, कळत नाही. बाबा म्हणाले, “आपल्याकडल्या वाड्याचं असंच झालंय. फरक एवढाच, तिथं मालक पळाला, इथं बी मालकच पळाला.”

खरंच होतं ते. 26 जून 1941 ला अंदमानात मोठा भूकंप झाला आणि रॉसच्या इमारतींना तडे गेले. 23 मार्च 1942 ला जपानी फौज उतरली. ब्रिटिश निघून गेले. 1943 च्या डिसेंबरात नेताजी आले, रॉसवर त्याच बंगल्यात उतरले आणि 30 डिसेंबरला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. पण जपानी राज्यातही स्थानिकांचे हाल थांबले नाहीत. हेरगिरीच्या संशयावरून कित्येकांना मारलं. 1945 ला ब्रिटिश परतले, पण रॉसचं पॅरिस परत उभं राहिलं नाही. 1979 पासून ते बेट नौदलाच्या ताब्यात आहे.

पाहुण्यांना काय दाखवायचं?

रिसॉर्टवाले हल्ली खोली विकत नाहीत, ‘अनुभव’ विकतात. सूर्यास्ताची फेरी, आदिवासी नृत्य, अमुक दर्शन. हेही जुनंच आहे.

8 फेब्रुवारी 1872. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो अंदमानच्या पाहणीला आला होता. दिवसभराचं काम उरकलं आणि संध्याकाळी त्याला माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त बघायची इच्छा झाली. हो, तोच नोटेवरचा डोंगर. वर गेला, सूर्यास्त बघितला, अंधार पडता पडता होपटाउनच्या धक्क्यावर उतरला. तिथं शेर अली आफ्रिदी नावाच्या कैद्यानं सुरा खुपसून त्याला ठार मारलं. शेर अलीला चांगल्या वागणुकीबद्दल न्हाव्याचं काम दिलेलं होतं, म्हणून तो मोकळा हिंडू शकत होता. पुढं त्याला व्हायपर बेटावर फाशी दिली. हिंदुस्थानच्या सगळ्यात मोठ्या साहेबाचा जीव गेला, तोही सूर्यास्त बघून परतताना. त्या डोंगराचं नाव आता माउंट मणिपूर आहे. 1891 च्या लढाईनंतर मणिपूरच्या राजघराण्यातली माणसं तिथं कैदेत ठेवली होती, त्याची आठवण म्हणून.

दुसरा ‘अनुभव’ यापेक्षा वाईट. 1863 मध्ये रॉसवर ‘अंदमान होम’ काढलं. तिथल्या मूळ रहिवाशांना, ग्रेट अंदमानी लोकांना, आणून ठेवायचं, सुधारायचं, कामाला लावायचं. येणाऱ्या पाहुण्यांना ते दाखवायचे. त्याच वर्षी काही जणांना कलकत्त्याला नेलं, तर बघायला ही गर्दी. बदल्यात त्यांना काय मिळालं? गुप्तरोग आणि गोवर. हजारोंनी असलेली ती माणसं आज पन्नासेक उरलीत. 2010 च्या जानेवारीत बोआ सीनियर नावाची वृद्धा वारली आणि बो नावाची आख्खी भाषा तिच्याबरोबर गेली. ज्या भाषेत बोलायला समोर दुसरं कुणीच उरलेलं नाही, त्या भाषेत ही बाई शेवटची काही वर्षं पाखरांशी बोलायची, असं सांगतात.

आता आपल्यावर येतो. पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. 2002 ला सुप्रीम कोर्टानं त्या भागातला रस्ता बंद करा असं सांगितलं होतं. तो बंद झाला नाही. पर्यटकांच्या गाड्या रांगेनं जात राहिल्या. नाव घ्यायचं चुनखडीच्या गुहांचं, पण नजर खिडकीबाहेर, जारवा दिसतात का म्हणून. 2012 मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रानं व्हिडिओ दाखवला. खाण्याच्या बदल्यात जारवा बायकांना नाचायला सांगताहेत. देशभर गदारोळ झाला. 2013 मध्ये कोर्टानं पर्यटकांना थोडे दिवस मनाई केली, नंतर गाड्या पुन्हा सुरू. फोटो काढणं, खाऊ देणं, थांबणं हा गुन्हा आहे आणि शिक्षेची तरतूदही आहे.

आमच्या बसमध्येही विषय निघालाच. “दिसले तर मजा,” असं कुणीतरी म्हणालं. त्यावर परभणीच्या निवृत्त मुख्याध्यापक बाई शांतपणे म्हणाल्या, “आपल्या घरावरून रोज दोनशे गाड्या गेल्या आणि लोक आपल्याला केळं दाखवायला लागले तर?” पुढं तासभर बसमध्ये कुणी मोबाइल वर केला नाही. कायद्यापेक्षा बाईंचं वाक्य भारी ठरलं.

हॅवलॉक आणि राजन

अंदमानातल्या खऱ्या रिसॉर्टचं बेट म्हणजे हॅवलॉक. 2018 पासून स्वराज द्वीप. तिथल्या राधानगर किनाऱ्याला 2004 मध्ये ‘टाइम’ मासिकानं आशियातला उत्तम किनारा म्हटलं आणि गर्दी सुरू झाली. पण हॅवलॉक कोण? सत्तावनमध्ये कानपुरात नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा इंग्रज सेनापती. शेजारचं नील बेट, आता शहीद द्वीप, हे जेम्स नीलच्या नावाचं. अलाहाबाद-कानपूरकडं झाडाझाडाला माणसं लटकवणाऱ्यांतला तो. ज्या उठावातले कैदी अंदमानात सडले, तो उठाव चिरडणाऱ्यांची नावं त्याच अंदमानच्या बेटांना. आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं आपली नवी जोडपी “हॅवलॉकला हनिमून” म्हणत होती. नाव बदलल्यानं सगळं बदलतं असं नाही, पण निदान ते नाव कुणाचं होतं हे तरी माहीत हवं.

या दोन्ही बेटांवर वस्ती केली ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी. सरकारनं जमीन दिली आणि त्यांनी जंगल साफ करून भातशेती केली, भाजीपाला केला. हॅवलॉकच्या गावांना, किनाऱ्यांना अजून नंबरच आहेत, तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. एखाद्या छावणीचा हिशोब असावा तसे. त्या नंबरांवर आज रिसॉर्टच्या पाट्या आहेत.

याच हॅवलॉकवर जगातली एक अजब ‘सोय’ होती. राजन नावाचा हत्ती, समुद्रात पोहणारा. अंदमानात लाकूडतोडीसाठी मुख्य भूमीवरून हत्ती आणले जायचे. ओंडके ओढायचे, आणि एका बेटावरचं काम संपलं की पोहत दुसऱ्या बेटावर. पुढं लाकूडतोडीवर कोर्टाचे निर्बंध आले आणि हत्ती बेकार झाले. राजनला एका रिसॉर्टनं ठेवून घेतलं. जगभरातून लोक पाण्याखाली कॅमेरे घेऊन यायचे, निळ्या पाण्यात चार पाय मारत जाणारा हत्ती टिपायला. ‘द फॉल’ नावाच्या इंग्रजी सिनेमातही तो आहे. म्हातारपणी त्याचं पोहणं बंद झालं आणि तो जंगलात निवांत हिंडायचा. 2016 मध्ये वारला. वय सहासष्टच्या आसपास.

फोटोत तो हत्ती स्वर्गातला वाटतो. पण त्याला पोहायला लावलं ते लाकडाच्या ठेकेदारीनं. तेच पोहणं पुढं पाहुण्यांचा आनंद झालं. वाईट वाटून घ्यायची गरज नाही. शेवटची वर्षं तरी त्याला ओंडक्याविना मिळाली. पण आपण बघतो ते सौंदर्य कधीकाळी कुणाची तरी वेठ होती, एवढं ध्यानात ठेवावं.

शेवटी मुद्दा पाण्याचा

मराठवाड्यातल्या माणसानं कुठलाही विषय काढला तरी तो पाण्यावर येऊन थांबतो. मीही थांबतो.

अंदमानात पाऊस आपल्या तिपटीच्या आसपास. तरी उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरला नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येतं. धनीखाडी धरण आटलं की गावात हंडे. हॉटेलच्या शॉवरला मात्र पाणी असतं. टँकरनं येतं, पण असतं. हे दृश्य आपल्याला नवं आहे का?

4 डिसेंबर 2014 ला मालदीवची राजधानी माले इथल्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली. लाखभर लोकांच्या शहरात प्यायला पाणी नाही. भारतानं विमानं भरून पाणी पाठवलं, आयएनएस सुकन्या आणि आयएनएस दीपक ही जहाजं पाठवली. त्यानंतर दीड वर्षानं, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. एका गावाच्या चारही बाजूंना समुद्र, दुसऱ्याच्या चारही बाजूंना भेगाळलेली जमीन. दोघांनाही पाणी बाहेरूनच आलं. पाणी नुसतं असून भागत नाही, ते कुणाच्या नळाला आहे हा प्रश्न असतो.

चांगलंही उदाहरण आहे. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर 2005 मध्ये आपल्या देशाच्या शास्त्रज्ञांनी एक संयंत्र उभं केलं. समुद्राचं वरचं पाणी कोमट, खोलवरचं गार. वरच्या पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खालच्या गार पाण्यानं ती थंड करायची. दिवसाला लाखभर लिटर गोडं पाणी. तत्त्व तेच, रॉसवरच्या साहेबांच्या वाफेच्या यंत्रासारखं. पण तेव्हाचं पाणी साहेबांच्या बेटासाठी होतं, कवरत्तीचं पाणी गावाच्या नळाला जातं. इतिहासात पुढं जाणं म्हणतात ते मला तरी हेच वाटतं.

म्हणून सध्या ग्रेट निकोबारचं जे चाललंय त्याकडं लक्ष ठेवा. बंदर, विमानतळ, वीजघर, नवं शहर. सुरुवातीचा अंदाजच बहात्तर हजार कोटींचा. सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल वळतं करायचं. गलाथिया खाडीत महाकाय लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, आत शोम्पेन लोक राहतात. 2004 च्या त्सुनामीनं किनाऱ्यावरून उठवलेले निकोबारी अजून आपल्या जुन्या गावी परतायचं म्हणताहेत. देशाच्या संरक्षणाचा मुद्दा खरा असेल, त्यावर जाणकारांनी बोलावं. मी एवढंच म्हणतो की बेटावर काही उभं राहताना तिथल्या माणसाला विचारायचं राहून गेलं तर काय होतं, हे रॉसनं एकदा दाखवलंय.

हे सगळं आपल्या फाट्यावर बसून कशाला, असं कुणी म्हणेल. तर वीसच्या नव्या नोटेवर वेरूळ आहे. आपल्याजवळ चारठाण्याची जुनी मंदिरं आहेत. उद्या इथंही ‘पर्यटन विकास’ येईल, यावाच. फलक लागतील, हॉटेलं होतील, पोहण्याचे तलाव होतील. त्या दिवशी आपण यजमान असू की खाडीपलीकडचे राबणारे, हे आपल्यालाच ठरवावं लागेल. तलावाचं पाणी कुठून येणार, गावाच्या नळाचं काय होणार, नोकऱ्या कुणाला, हे ग्रामसभेत आधी विचारलेलं बरं. नंतर नुसते फोटो उरतात.

आणि यंदा अंदमानला निघाला असाल तर जा, खुशाल जा. मासे बघा, पाण्यात उतरा, नारळपाणी प्या. फक्त गाइडला सांगा की रॉसवर पाऊण तास पुरत नाही, दोन तास हवेत. जारवांच्या रस्त्यावर मोबाइल खिशात ठेवा. आणि हॉटेलातल्या खोली झाडणाऱ्या पोराला एकदा त्याच्या गावाचं नाव विचारा.

ज्यांच्या घरी वीसची जुनी नोट जपून ठेवलेली असेल त्यांनी ती पोरांना दाखवा आणि ही गोष्ट सांगा. तुमच्यापैकी कुणी जाऊन आलं असेल तर तुम्ही तिथं काय बघितलं तेही लिहा. मी वाचतोय.